आधी कॅबिनेट, मग हेड : सांगलीत जुना बेस ॲम्प विकताना आणि घेताना

बेस गिटारचा जुना ॲम्प सांगलीत विकायला काढला की पहिला फोन बेसवाल्याचा येत नाही. तो येतो कीबोर्डवाल्याचा, नाहीतर भजनी मंडळाच्या साउंडवाल्याचा, नाहीतर गणपतीआधी मंडळासाठी 'जरा बेस वाढवून' हवा असलेल्या पोराचा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बेस सहसा थेट मिक्सरला जातो. वादकाच्या पाठीमागे त्याचा स्वतःचा ॲम्प असायची पद्धत फारशी नाहीच. खास बेससाठी बनवलेला ॲम्प लागतो तो कॉलेजच्या बँडला, चर्चला आणि माझ्यासारख्यांना, ज्यांना आपला सूर पाठीला जाणवल्याशिवाय हात मोकळा होत नाही. त्यामुळे इथला बाजार लहान आहे. पण आहे तेवढा माल फिरत राहतो. पुण्याला नोकरीला निघालेला विकतो, ऑर्केस्ट्रा बंद करणारा विकतो, साउंड भाड्याने देणारा लॉटमध्ये आलेली नको ती वस्तू काढून टाकतो.

गेल्या वर्षी मी या बाजारात दोन्ही बाजूंनी वावरलो. माझा पंधरा इंची स्पीकरचा कॉम्बो विकला आणि त्याच्या जागी वेगळं हेड (नुसता ॲम्प), वेगळं कॅबिनेट (नुसती स्पीकरची पेटी) उभं केलं. कॉम्बोत ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत असतात. वाजायला झकास, पण तीस किलोच्या वरचं ते धूड विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावर चढवायचं म्हणजे दर कार्यक्रमाला कुणाची तरी मनधरणी आली. शिवाय आमचा ड्रमर जोरात वाजवतो, आणि त्याने तसंच वाजवावं असं मला वाटतं.

या सगळ्या खटाटोपात जे मला पक्कं पटलं ते सुरुवातीलाच सांगतो. पैसे घालायचे ते कॅबिनेटवर. लोक वॉट विचारतात. 'किती वॉटचा हाय?' हा पहिला प्रश्न आणि बहुतेकदा शेवटचाही. पण १ वॉट दिल्यावर १ मीटर अंतरावर कॅबिनेट किती डेसिबल देतं हा आकडा कुणी विचारत नाही, आणि खरा खेळ तिथे आहे. एक कॅबिनेट ९७ डेसिबलचं आणि दुसरं १०० चं असेल, तर ९७ वाल्याला ३०० वॉट देऊन जेवढा आवाज निघेल तेवढा १०० वालं १५० वॉटमध्ये देतं. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॉट. हा आकडाही एकटा पुरत नाही, कारण बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्‌झवर बोलते आणि लहान पेटीचा आकडा वरच्या सुरांच्या जोरावर चांगला दिसू शकतो. लहान पेटी, खोल सूर आणि जास्त आवाज या तीन गोष्टी एका ठिकाणी मिळत नाहीत. दोन घ्या, तिसरी सोडा. अमेरिकेत १९६९ साली अँपेगने ३०० वॉटचं ट्यूब हेड (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हचं) आणि दहा इंची आठ स्पीकरचं कॅबिनेट काढलं, ते साठ किलोच्या पुढचं कपाट आजही मोठ्या स्टेजवर दिसतं ते याचमुळे.

आधी विक्री. कॉम्बो बाहेर काढायच्या आधी मी तो उघडला. नॉब फिरवताना खरखर यायची, त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवत बसलो. इनपुटचा जॅक हलत होता, त्याचा नट आवळला आणि आतला सोल्डर नव्याने मारला. फोटो समोरून एक आणि मागून चार काढले, कारण घेणाऱ्याला लागणारी सगळी माहिती मागच्या पाटीवर असते : वॉट, ओहम (स्पीकरचा विजेला होणारा रोध), व्होल्ट, सिरियल नंबर. एका कोपऱ्याचं रेक्झिन फाटलंय आणि एक चाक नवीन बसवलंय, हे फोटोखालीच लिहिलं. घरी येऊन कुणी दोष शोधून काढला की तो हजार रुपये कमी करतो. आपण आधीच सांगितला की त्याचं काही वाटत नाही.

बावीस हजार सांगितले. मग सुरू झालं 'फायनल बोला', 'शेवटचं किती?'. वस्तू न बघता फायनल विचारणाऱ्याला मी एकच उत्तर दिलं : येऊन वाजवा, मग बोलू. विट्याच्या एकाने गिटारचं हेड, चार स्पीकरचं गिटार कॅबिनेट आणि वर पाच हजार देऊ केले. वस्तू चांगली होती, पण गिटारच्या स्पीकरचा कोन (आवाज काढणारा पुढचा पडदा) बेससाठी लागतो तेवढा मागेपुढे हलण्यासाठी बनवलेलाच नसतो, आणि गिटारवाला गिऱ्हाईक शोधत मी कुठे फिरणार? नको म्हटलं.

मंडळाचा पोरगा मात्र रोख घेऊन दारात आला. त्यालाही नाही म्हटलं, आणि का ते त्याला समजावून सांगितलं. या कॉम्बोचा स्पीकर एका माणसाच्या एका वाद्यासाठी आहे. उघड्यावर, अठरा इंची स्पीकरच्या मोठ्या बेस पेट्यांच्या शेजारी, तासन्‌तास फुल्ल आवाजात गाणी लावली तर कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) जळणार. 'मग आमाला काय घ्याव लागंल?' असं त्याने विचारलं, तेव्हा त्याला ओळखीच्या साउंडवाल्याकडे पाठवलं. गिऱ्हाईक गेलं, पण तो स्पीकर मी आठ वर्षं जपलेला होता.

शेवटी कॉम्बो गेला मिरजेच्या एका चर्चमध्ये. मिशन हॉस्पिटलच्या काळापासून मिरजेत ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथल्या उपासनेत गिटार, कीबोर्ड, ड्रम, बेस असं सगळं असतं. युथच्या पोरांबरोबर एक अंकल आले होते, व्यवहार बघायला. घरच्या खोलीत वाजवून पोरं खूश झाली, पण अंकल म्हणाले, 'सर, आमचा हॉल मोठा आहे. एवढ्यात भागंल का?'

प्रश्न अगदी रास्त होता. ४१ हर्ट्‌झच्या एका लाटेची लांबी आठ मीटरच्या वर जाते. दहा बाय बाराच्या खोलीत खालचे सूर भिंतींमध्ये कोंडतात. एका कोपऱ्यात घुमतात, दोन पावलं सरकलं की गायब होतात. खोलीत भारी वाटलेला ॲम्प हॉलमध्ये हरवतो आणि खोलीत नुसता घोंगावणारा ॲम्प हॉलमध्ये गोड वाजतो. मी त्यांना म्हटलं, 'अंकल, पैसे आत्ता देऊ नका. मी ॲम्प तिकडे घेऊन येतो. तुमच्या हॉलमध्ये, तुमच्या ड्रमबरोबर वाजवून बघा.'

शनिवारी संध्याकाळी सरावाच्या वेळेला गेलो. पोरानं गीत सुरू केलं आणि मी चालत चालत शेवटच्या बाकापर्यंत गेलो, अंकलनाही बरोबर घेतलं. मागे उभं राहिल्यावर बेसचा प्रत्येक सूर वेगळा ऐकू येत होता, खालच्या तारेवर जरा गढूळ होत होता. पुढे येऊन ॲम्प भिंतीपासून हातभर पुढे ओढला, कोपऱ्यातून बाहेर काढला, बेसचा नॉब थोडा कमी केला आणि मधल्या सुरांचा थोडा वाढवला. परत मागे गेलो. अंकलनी मान डोलावली. साडेअठरा हजारांना ठरलं. त्यांच्या खजिनदारांनी नोटा मोजल्या आणि कागद मागितला : वस्तूचं नाव, सिरियल नंबर, रक्कम, तारीख, सांगितलेले दोष, दोघांच्या सह्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक व्यवहारात असा कागद करतो, घेतानाही आणि देतानाही. जुन्या मालाला बिल नसतं, आणि उद्या कुणी 'ही वस्तू कुठून आली' विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं.

आता कॅबिनेट. हेड पिशवीत घालून पुण्याहून ट्रॅव्हल्सने येऊ शकतं, कॅबिनेट तसं मागवता येत नाही आणि मागवूही नये. ते हाताने बघायचं असतं. सांगलीत तर जास्तच, कारण २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आणि २०२१ चा पूर. मारुती चौक, हरभट रोड, गावभागातल्या तळमजल्यांत पाणी शिरलं, त्यात कित्येकांचे स्पीकर भिजले. काहींनी ते भंगारात दिले, काहींनी वाळवून ठेवले, आणि त्यातले काही आता नवं कार्पेट चढवून बाजारात येतात.

असंच एक मी बघितलं. दहा इंची दोन स्पीकर, कोरं काळं कार्पेट, किंमत एकदम परवडणारी. विकणारा म्हणाला, पाणी लागलेलं नाही. मी तळाच्या कडेवरून बोट फिरवलं. मधे सपाट लागलं आणि कडेला बारीक फुगवटा, कार्पेटच्या खालूनही कळेल असा. पार्टिकल बोर्डने पाणी प्यालं की ते कडेने फुगतं आणि वाळल्यावरही पुन्हा बसत नाही. मग विचारून मागच्या जॅकच्या पट्टीचे स्क्रू काढले. ते गंजून केशरी झाले होते, पट्टी मात्र नवी होती. मोबाइलचा टॉर्च आत धरला. आतल्या कापसाच्या खालच्या हातभर भागावर तपकिरी रेघ होती, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी, आणि तळाच्या सांध्यात बोटाला कृष्णेचा बारीक गाळ लागला. वाळलेला, मऊ, हळदीच्या पुडीसारखा. मी पट्टी परत लावली, स्क्रू आवळले आणि मला नको म्हणून सांगितलं. पाणी लागलेला स्पीकर कधीकधी वर्षभर वाजतो. पण कॉइलच्या फटीत गाळ गेलेला असेल तर तो घासत घासत जातो, आणि फुगलेल्या पेटीची हवा गळते. बेसच्या पेटीतून हवा गळली की खालचा सूर गेला.

हवेची गळती तपासायची सोपी रीत आहे. खालची तार जोरात वाजत ठेवायची आणि सांध्यांवरून, हँडलभोवती, जॅकभोवती तळहात फिरवायचा. पोर्टमधून, म्हणजे पेटीला मुद्दाम ठेवलेल्या भोकातून, वारा येतो तो बरोबर, बाकी कुठूनही आला तर पेटी उघडी आहे. आणि पेटीला ठोकून बघायचं. इथे मिरजेची सवय उलटी करावी लागते. सतारमेकर गल्लीत तून लाकडाला आणि भोपळ्याला टिचकी मारून ते किती बोलतं हे ऐकणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बसली आहेत. त्यांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. सतारीचं लाकूड बोललं पाहिजे. कॅबिनेटचं लाकूड गप्प राहिलं पाहिजे, बोलायचं ते फक्त स्पीकरने. बोटाने ठोकल्यावर भरीव, तोकडा आवाज आला तर पेटी जाड प्लायची आहे आणि आत आडवे ठोकळे आहेत. डब्यासारखा घुमला तर पुढे बघावं.

मला हवं तसं कॅबिनेट मिळालं साताऱ्यात. राजवाड्याच्या वरच्या बाजूला राहणारे एक काका, उभी हयात ऑर्केस्ट्रात बेस वाजवलेले. दहा इंची चार स्पीकर, वर उंच सुरांसाठी एक हॉर्न, जाड प्लायची पेटी, ८ ओहम. गुडघे दुखतात, उचलवत नाही, म्हणून विकायचं. पंधरा हजार सांगितले होते आणि फोनवर ऐकूनच मला ते वाजवी वाटले होते.

ते वाजवून दाखवत होते तेव्हा सूर छान होता, पण चार स्पीकरच्या मानाने छाती भरत नव्हती. मी ॲम्पची वायर काढून मल्टिमीटर लावला. ८ ओहमचं कॅबिनेट मीटरवर आठ दाखवत नाही, साधारण साडेपाच ते सात दाखवतं. मीटर नुसत्या तारेचा रोध मोजतो, म्हणून आकडा कमी येतो. इथे बाराच्या आसपास आला.

हा आकडा बोलका असतो. चार स्पीकरच्या पेटीत बहुतेक वेळा दोन-दोनच्या दोन जोड्या असतात. जोडीतले दोन एकामागोमाग जोडलेले, आणि दोन्ही जोड्या समांतर. चारही ८ ओहमचे असले की एकूण पुन्हा ८ येतात. त्यातला एक तुटला की त्याची अख्खी जोडी बंद पडते, आणि उरलेली एक जोडी मीटरला जवळजवळ दुप्पट दिसते. म्हणजे चारातले दोनच वाजत होते.

'काका, यातले दोन बंद आहेत बघा.'

ते म्हणाले, 'अरे, दोन-तीन वर्षं मला दबकाच वाटतोय. म्हटलं, वयानं कान गेले.'

जाळी काढली. प्रत्येक कोनावर दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच सरळ आत दाबलं, कुठेही खरखर नाही, म्हणजे कॉइल घासत नव्हती. स्पीकर बाहेर काढायला लागल्यावर तिसऱ्याच्या मागे तार निसटलेली सापडली. नुसती दाबून बसवलेली क्लिप, वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सैल होऊन सुटली होती, आणि पितळेवर हिरवट चढलं होतं. ब्लेडने खरवडलं, क्लिप पकडीने जरा दाबली, बसवली. दीड व्होल्टचा सेल जॅकला क्षणभर टेकवला तेव्हा चारही कोन एकाच दिशेला सरकले. म्हणजे सगळ्यांचं प्लस-मायनस बरोबर होतं. एक जरी उलटा सरकला असता तरी तो बाकीच्यांचा आवाज खात राहिला असता. मीटर आता सहावर होता.

काकांनी पुन्हा गिटार घेतली. पहिल्याच सुराला दाराची काच थरथरली आणि आतून काकू बाहेर आल्या. काका थांबेनातच. जुन्या गाण्यांच्या चाली एकामागोमाग वाजवत राहिले, डोळे मिटून, आणि मी मध्ये काहीही बोललो नाही. ते थांबल्यावर म्हटलं, 'आता याची किंमत वाढली. तुम्हाला ठेवायचं असेल तर ठेवा. जास्त सांगायचे असतील तरी सांगा.'

'भाव ठरला तो ठरला,' ते म्हणाले. 'तू वाजवणारा हाईस. घेऊन जा.' पंधरा हजार दिले, एक रुपया कमी केला नाही. कागद केला. कॅबिनेट गाडीच्या मागच्या दारातून जातं की नाही हे निघायच्या आधीच टेपने मोजून ठेवलं होतं. गोधडीत गुंडाळून, जाळी सीटच्या पाठीला टेकवून, कराडमार्गे सांगलीला आणलं.

हेडचं त्या मानाने लवकर उरकलं. आजकाल दोन-तीन किलोची क्लास डी हेडं मिळतात आणि ती सुरेख वाजतात. बिघडली तर मात्र अख्खा बोर्ड बदलावा लागतो, आणि तो सांगलीत मिळत नाही. मी मुद्दाम जुन्या पद्धतीचं, जड ट्रान्सफॉर्मरचं हेड शोधलं, कारण डीजेचे ॲम्प दुरुस्त करणारे कारागीर आपल्याकडे रग्गड आहेत आणि ५२०० आणि १९४३ ची ट्रान्झिस्टर जोडी त्यांच्या खणात कायम असते. माधवनगर रोडच्या एका साउंडवाल्या भाऊंकडे लॉटमध्ये आलेलं ३०० वॉटचं हेड पडून होतं. ३०० हे ४ ओहमला. माझ्या ८ ओहमच्या कॅबिनेटवर त्यातले साधारण १८० मिळतात, आणि ते मला भरपूर होतात. त्यांना माईक हवे होते. माझ्याकडचे दोन माईक, एक डीआय बॉक्स (वाद्य थेट मिक्सरला जोडायची डबी) आणि वर सहा हजार असा सौदा झाला.

आपलं कॅबिनेट जोडण्याआधी मी त्या हेडच्या आउटपुटवर मीटर डीसीला लावला. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. तिथे सरळ व्होल्ट दिसायला लागले तर आतला आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असतो आणि जोडल्या क्षणी स्पीकरची कॉइल भाजते. ही तपासणी ट्रान्झिस्टर हेडचीच. ट्यूबचं हेड कॅबिनेट न जोडता कधीही चालू करू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हेड गुणगुणत होतं, पण भाऊंच्या दुकानातल्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. शेजारच्या दुकानातून एक्स्टेंशन ओढली, गुणगुण गेली. तासभर वाजवत ठेवलं, पंखा फिरला, मागचा भाग कोमट झाला, त्यापलीकडे काही नाही. कॅबिनेटला जोडायला जाड दोन तारांची स्पीकर वायर घेतली. गिटारची वायर तिथे लावणारे खूप आहेत. ती आतून केसाएवढी असते आणि तापते, हे भेटेल त्याला सांगत असतो.

अमेरिकेतून कुणी आणलेलं एक हेडही मला सुचवलं गेलं होतं. मागे फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं, बदलायचा स्विच नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतं, पण कार्यक्रमाच्या गडबडीत कुणीतरी ते सरळ २३० ला लावणार, म्हणून सोडून दिलं.

हिशेब असा झाला : कॉम्बोचे साडेअठरा आले, कॅबिनेटला पंधरा आणि हेडला सहा गेले. वर पेट्रोल आणि वायर. तिसऱ्या मजल्यावर आता दोन फेऱ्या होतात, पण त्या मी एकटा करतो.

परवा मिरजेच्या चर्चमधल्या त्या पोराचा फोन आला. नाताळला आवार भरून जातं, तर कॉम्बोला बाहेरून अजून एक कॅबिनेट जोडता येईल का? येईल. आतला स्पीकर ८ ओहमचा आहे आणि मागच्या पाटीवर किमान ४ लिहिलंय, म्हणजे बाहेरचंही ८ चंच हवं, ४ चं जोडलं तर ॲम्पवर ताण येईल. त्यानं कराडला एक बघून ठेवलंय, विकणारा ८ सांगतोय. रविवारी उपासना झाली की दोघं निघणार आहोत. मीटर आणि दीड व्होल्टचा सेल मी घेतो, टेप आणि गोधडी तो आणतोय.